दारात बसलेला मधला

आमच्या ह्यांना कापताही येत नाही आणि शिवताही येत नाही. शिंप्याच्या घरात जन्माला येऊन! थोरल्या दिरांच्या हाती कात्री दिली तर पहिल्याच दिवशी बाही सुरेख बेतली म्हणे. धाकट्यांचे पाय मशीनला पुरत नव्हते तेव्हापासून त्यांची टीप सरळ. आणि ह्यांना काज करायला दिलं, तर ह्यांनी गिऱ्हाइकाचा शर्ट स्वतःच्या पायजम्याला शिवून टाकला आणि तसेच उठून दाखवायला गेले. सासऱ्यांनी हात टेकले, ह्यांना उचललं आणि काउंटरवर बसवलं. "तू नुसता बोल," म्हणाले, "तुला तेवढंच येतं." तेव्हापासून हे बोलतायत, आणि मी ऐकतेय.

दुकान कसं आहे ते आधी सांगते. पुढे लांबट खोली, तिच्यात काउंटर. मागच्या भिंतीला दोन दारं. डाव्या दाराआड थोरल्यांची बेतायची खोली, म्हणजे लांब टेबल, खडू, पट्ट्या आणि टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. उजव्या दाराआड धाकट्यांची मशीनं आणि इस्त्री. काउंटरच्या टोकाला स्टुलावर मी, बटणं लावते आणि दुमडी घालते. मधोमध खुर्चीवर हे. गिऱ्हाइकाने आत जायचं नाही हा सासऱ्यांचा नियम; आत गेलेलं गिऱ्हाईक शिंप्याला शिवण शिकवायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कापड घेऊन आत जाणारे हे, तयार कपडा बाहेर आणणारे हे, आणि एका खोलीतला निरोप दुसऱ्या खोलीत पोचवणारेही हेच.

आता ह्यांची पद्धत ऐका. थोरले म्हणणार, "त्या गधड्याला सांग, बाही पुन्हा आखूड शिवली तर त्याचा हात तेवढाच आखूड करीन." हे उजव्या दारातून आत जाऊन म्हणणार, "अरे, बाही जरा बघ हं. मला आखूड वाटली." तिकडून धाकटे म्हणणार, "मापच चुकीचं आलंय, तिकडे बसून झोपा काढतात का?" हे डावीकडे येऊन म्हणणार, "माप एकदा तपासू या का? मला आपली शंका आली." कुणाचं नाव म्हणून घ्यायचं नाही. सगळं स्वतःच्या खाती. मी विचारलं तर म्हणायचे, "अगं, नाव घेतलं की भांडण लागतं. काम पोचल्याशी कारण." झालं काय, की दोन्ही भावांची खात्री पटली होती की ह्या माणसाला साधं बटण लावता येत नाही, पण अक्कल मात्र उठता बसता शिकवतो.

एवढं करूनही भांडण लागायचं ते लागलंच. थोरल्यांची एक कापडाची कात्री आहे. शिंप्याच्या कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी कुठल्याही शिंप्यासमोर कापून बघावा आणि मग पळावं. तर एके दिवशी त्या कात्रीची धार गेलेली निघाली. थोरल्यांनी ह्यांना पाठवलं, हिने कागद कापलास का ते धाकट्याला विचार म्हणून. हे आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "हो म्हणतो, कापला." बस. मी तेव्हा माहेरी होते. परत आले तर दोन्ही दारं लावलेली, आणि भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झालेले. पुढे बरीच वर्षं तसंच चाललं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण आमच्याकडे तिसऱ्याला लाभ कसला, पायपीट तेवढी झाली.

मग या वर्षी भिंतीचं निघालं. दुकानाचे दोन भाग करायचे, मधे भिंत घालायची, ज्याने त्याने आपलं गिऱ्हाईक आपण बघायचं. कसं ठरलं देव जाणे. हे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे गेले आणि ठरलंच. गवंडी येऊन गेला. चांगला माणूस, येताना आपली एक पँटही आखूड करायला घेऊन आला. त्याने थोरल्यांचाच खडू मागून घेतला आणि जमिनीवर रेघ मारली. रेघ दारातून आली, काउंटरवर चढली, उतरली आणि ह्यांच्या खुर्चीच्या बरोबर मधून मागे गेली. "शनिवारी दुपारी विटा घेऊन येतो," म्हणाला, "आणि पँट तेवढी बघा." हे रेघेकडे बघत उभे राहिले. भिंत ह्यांच्या खुर्चीवरून जाणार होती. ज्याला कापता येत नाही तो डावीकडे जाऊन काय करणार, आणि शिवता येत नाही तो उजवीकडे? त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला इतका राग आला होता की मीही जेवले नाही, पण मी तसं बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कोट घ्यायला एक बाई आल्या. कॉम्प्युटरच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत, खांदे जरा वरखाली, त्यामुळे आमच्याशिवाय त्यांना कुणाचा कोट बसत नाही. ह्यांनी त्यांच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. ह्यांचं काय, समोर कान दिसला की पुरे. बाई म्हणाल्या, "अहो, मग भिंत कशाला? आमच्याकडे असंच करतात. आत दोन वेगळी अ‍ॅप्लिकेशन्स, ज्याची त्याची वेगळी खोली. बाहेर पत्ता एकच. दारात एक जण बसवायचा. येईल त्याला काय हवंय ते बघून योग्य खोलीत न्यायचं आणि उत्तर बाहेर आणून द्यायचं. आत किती खोल्या आहेत ते गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. त्या दारातल्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात."

हे खुर्चीतून उठले. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? माझ्या कामाला नाव आहे!"

त्यानंतर ह्यांच्या अंगात वारं शिरलं. भिंतीऐवजी बाईंच्यासारखं इंटरनेटवर दुकानाचं एकच दार करू म्हणून ह्यांनी दोन्ही खोल्यांत जाऊन शनिवारपर्यंतचा वेळ मागून घेतला. दोघांनीही एकच अट घातली: शनिवारी एकाच पत्त्यावर आलेली गिऱ्हाइकं धड दोघांकडे पोचली तर ठीक, नाही तर विटा उतरतील. पुतण्याचा टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर आला आणि काउंटरखाली, बटणांच्या डब्यांशेजारी बसला. थोरल्यांसाठी मापांचं एक अ‍ॅप्लिकेशन, धाकट्यांसाठी कुठला कपडा कुठवर आलाय ते सांगणारं दुसरं. दोन्ही फुकट मिळालेली, पण दोन वेगळीच हवीत म्हणून दोघेही अडून बसलेले, कारण एकाच्या घरात दुसऱ्याचं पाऊल नको. दुकानाच्या नावाचा पत्ता घेतला, तो आमच्या इंटरनेटच्या डब्याकडे वळवला, डब्याला सांगितलं की येईल त्याला काउंटरखाली पाठव. बाई फोनवरून सांगायच्या, हे टाइप करायचे आणि प्रत्येक ओळ झाली की कॉम्प्युटरला "या, बसा" म्हणायचे. सवय, दुसरं काय!

पहिलं विघ्न आमच्या शिंपीपणानेच आणलं. आमच्या घरात उघडी वस्तू म्हणून दिसायची नाही. रेडिओला गवसणी, फोनला गवसणी, इस्त्रीलासुद्धा गवसणी. ह्यांनी कॉम्प्युटरची मापं काढून डावीकडे दिली, थोरल्यांनी कापड बेतलं, उजवीकडे दिलं, धाकट्यांनी शिवलं. कोटाच्या कापडाची, अस्तर लावलेली, वायरींना काजं केलेली गवसणी! इतकी अंगाबरोबर बसली की बघत राहावं. कॉम्प्युटर थोडा वेळ घरघरला आणि बंद पडला. हात लावला तर तवा. "अहो, त्याला उकडतंय!" मी ओरडले. शेवटी धाकट्यांनी कोटाला मागे असते तशी चीर दिली आणि मग त्याला वारा लागला.

दुसरं विघ्न म्हणजे पडद्यावर सारखा पाचशे दोन असा आकडा. हे बाईंना विचारून आले आणि मला समजावून सांगायला लागले, "म्हणजे काय, की दारातला म्हणतो, मी आत हाका मारतोय पण आतून कुणी उत्तरच देत नाही."

"मग त्यात नवीन काय?" मी म्हटलं. "हे तर आपल्याकडे रोजचंच आहे."

ह्यांनी कॉम्प्युटरमधल्या खोलीचा, म्हणजे आतल्या अ‍ॅप्लिकेशनचा, नंबर चुकीचा लिहिला होता. तो सुधारला आणि पान उघडलं. पत्त्याशेजारी छोटंसं कुलूपही आलं. हे इतके खूश झाले की आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काउंटरवरून वाकवून खालची गवसणी दाखवायला लागले.

शनिवार उजाडला. सकाळी सगळं सुरळीत. लोक आपापल्या फोनवर बघत होते, शर्ट तयार आहे की नाही, कमरेचं माप किती वाढलं. एका गृहस्थांनी स्वतःची कंबर बघून फोन खिशात घातला आणि पुन्हा काढला नाही. हे खुर्चीत ताठ बसले होते. मला वाटलं, जमलं बाई एकदाचं! आणि तेवढ्यात घोडं पेंड खायला लागलं.

थोरल्यांना आपला पासवर्ड आठवेना. खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांनी ते बटणं दाबत होते, दर वेळी आधीपेक्षा जोरात. पासवर्ड चुकीचा. पुन्हा. चुकीचा. मग पडद्यावर आलं: "फार वेळा चुकलात. या पत्त्यावरून येणं बंद." तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण त्याच क्षणी बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या फोनवर मापांचं पान बंद! ज्यांनी पासवर्डला हातही लावला नव्हता तेही चुकलेले! उजव्या खोलीतून धाकटे हसले. "वय झालं की असंच," म्हणाले, आणि मोठ्या ऐटीत आपला पासवर्ड टाकायला बसले. टाइप करताना त्यांचा पाय खाली हलतो, मशीनची सवय. पायाच्या वेगाने बोटं गेली आणि तेही चुकले, पुन्हा चुकले, आणि त्यांचंही दार सगळ्या जगाला बंद झालं.

मग काय विचारता! डावीकडून थोरले, "मधल्या, मला माझ्याच दुकानातून हाकललंस!" उजवीकडून धाकटे, "भाऊ, तुझ्या दारातल्याने वाट लावली!" बाहेरून गिऱ्हाइकं, "अहो, आम्ही काय केलं?" हे काउंटरखाली शिरले होते. मला फक्त ह्यांची पाठ दिसत होती, आणि खडूची ती रेघ पाठीखालून गेली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

कोटाच्या बाई तिथेच होत्या, दुसरा खांदा दाखवायला आल्या होत्या. त्यांनी वाकून पडद्यावर बघितलं आणि ह्यांना विचारलं, "बंद केलेला पत्ता कुणाचा दिसतोय?"

ह्यांनी वाचला. "हा तर... हा तर माझाच. म्हणजे ह्या दारातल्याचाच."

"दारातला आत जाताना सांगतो का, कोण आलंय ते?"

"कशाला सांगायचं? काम सांगितलं की झालं."

"मग आतल्याला काय वाटणार?" बाई म्हणाल्या. "दर वेळी दारातलाच आलाय. गिऱ्हाईकही तोच, चुकणाराही तोच. आतल्या पहारेकऱ्याने चुकणाऱ्याला हाकललं, आणि दारातलाच बाहेर पडला, तर बाकीचे येणार कुठून? दारातल्याला एक ओळ शिकवा: आत जाताना कुठून कोण आलंय ते सांगायचं. आणि आतल्यांनाही सांगा, हा दारातला जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. दोन्ही हवं. एकच केलंत तर पालथ्या घड्यावर पाणी."

ह्यांनी ओळ लिहिली. आतल्या दोघांनाही तसं बजावलं. बंद केलेला पत्ता मोकळा केला आणि सगळं पुन्हा सुरू केलं. बाहेर एकेकाच्या फोनवर पान उघडायला लागलं. थोरले तेवढ्यात आणखी दोनदा चुकले, पण या खेपेला एकटे थोरलेच बंद झाले आणि बाकी जग चालू राहिलं. मी म्हटलं, सुटलो! पण हे काही हलेनात. जमिनीवर तसेच बसून होते.

"अगं," हे हळूच म्हणाले, "कात्रीचं मी धाकट्याला कसं विचारलं होतं, माहीत आहे?"

"कसं?"

"हसत हसत. 'काय रे, कात्रीने कागद कापलास वाटतं?' असं. मीच विचारतोय असं. तो म्हणाला, 'हो, कापला. आता तुझे केस कापतो.'"

सुई माझ्या बोटात गेली. "आणि तुम्ही थोरल्या दादांना काय सांगितलंत?"

"हो म्हणतो, कापला."

"आणि केसांचं?"

"ते कशाला सांगायचं? भांडण लागलं असतं."

बटणांचा डबा उचलून ह्यांच्या डोक्यावर उपडा करावा असं वाटलं मला. अहो, दादाने विचारलंय म्हटलं असतं तर धाकट्यांनी थट्टा केली असती का? दादांच्या कात्रीकडे नजर वर करून बघायची तरी त्यांची छाती आहे का? पण ह्यांचा चेहरा बघितला आणि राग कुठल्या कुठे गेला. हे म्हणाले, "नावं सांगायला लागलो तर ते दोघं सरळ एकमेकांशीच बोलतील. मग मला कोण विचारतं? भिंत आली तरी खुर्ची जाते, न आली तरी जाते."

"मग भाऊ बोलायला लागले म्हणून जाऊ दे," मी म्हटलं. "गवंड्याच्या हातून नको."

हे उठले. रेघेवर, दोन्ही दारांच्या मधे उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "धाकट्या! कात्रीचं मी विचारलं नव्हतं! दादाने विचारलं होतं!"

मशीन थांबलं.

"आणि भिंतीचंसुद्धा! मी कशाला भिंत मागीन? मी काय वेडा आहे? दादाने सुचवली होती! आणि दादा, हा 'घाला' म्हणाला ते मला म्हणाला, मला हवी आहे असं समजून! आणि कॉलर! दर वेळी कॉलर झकास झाली असं मी येऊन सांगतो ना, ते माझं नाही रे, मला कॉलरमधलं काय कळतंय? ते दादा म्हणतो! आत्तापर्यंतची एकूण एक कॉलर!"

धाकटे दारात आले. गळ्यात टेप, कानाला दोरा अडकलेला. "दादा म्हणतो?"

डाव्या खोलीतून आवाज आला, "चांगली असते तेव्हा म्हणतो."

धाकट्यांनी नाक पुसलं ते गिऱ्हाइकाच्या बाहीला, ती नेमकी हातात होती. मग एकदम तारस्वरात ओरडले, "मी कागद नाही कापला! माझी काय बिशाद!"

"मग धार गेली कशी?" थोरले दारात.

"टाचणीवर चालवली असशील! बेतताना टाचण्या काढायचा तुला कंटाळा!"

"टाचण्या लावतो कोण पण, गवत उगवल्यासारख्या?"

आणि लागलं की हो भांडण! खरंखुरं, तोंडातोंडी, नावानिशी. इतक्या वर्षांचं साठलेलं. दोघे ओरडत ओरडत थोरल्यांच्या खोलीत गेले, टेबलावर कापड पसरलं आणि टाचणी कुठे लावावी यावर वाद घालायला लागले. बाई कोट सावरून ऐकत उभ्या राहिल्या. हे येऊन खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवून. करायला काहीच नव्हतं. ह्यांना असं गप्प बसलेलं मी कधी बघितलं नाही, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबल्याचा आणि विटा आदळल्याचा आवाज झाला. दार ढकललं गेलं. आतलं भांडण थांबलं आणि दोन्ही आवाज एकदम आले, "मधल्या, कोण आलंय?" "भाऊ, कोण आलंय?"

हे ताडकन उठले. "गवंडी आलेत!"

आत कुजबुज. मग थोरले म्हणाले, "त्यांना सांग, भिंत घालायची नाही."

"आणि नीट सांग," धाकटे म्हणाले. "तुझ्या मनाचं म्हणून सांगू नकोस. आम्ही दोघांनी सांगितलंय म्हणावं."

हे गवंड्याकडे वळले. मी पदराने डोळे पुसले आणि चटकन सुईत दोरा ओवायला घेतला.

"दोघांनी सांगितलंय," हे म्हणाले. "दादाने आणि धाकट्याने. भिंत नको."

गवंड्याने एकदा विटांकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. मग खिशातून फोन काढला, आमचा पत्ता उघडला आणि वाचलं. "बरं," म्हणाला, "पण माझी पँट इथे तयार दाखवताय, ती तरी द्या."

हे पँट आणायला आत गेले, आणि जाताना दारातूनच सांगितलं, कुणाची पँट हवी आहे ते.